पगारी कप्तान

सोयाबीन घरात आलं, दिवाळी उरकली की आमच्या देऊळगाव राजाच्या आसपास टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. कुणातरी नेत्याच्या नावाचा चषक, ट्रॉलीवर रचलेले स्पीकर, अर्धी हिंदी अर्धी मराठी कॉमेंट्री आणि मोबाइलवर लाइव्ह. एन्ट्री फी भरायची आणि संघ उतरवायचा.

आमच्या संघाचा कॅप्टन माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा आहे. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एन्ट्री फी तोच गोळा करतो. किट त्याच्याच घरी असतं. कोण खेळणार, कोण बसणार, गाडी कुणाची, डबा कुणाचा, हे सगळं तोच ठरवतो. आणि तीन गडी बाद झाले की पॅड नीट करत बॅटिंगलाही तोच जातो.

मागच्या मोसमात त्याने जालन्याहून दोन पोरं आणली. प्रत्येक मॅचचे पैसे ठरवून. आम्ही फायनलपर्यंत गेलो आणि हरलो. दुसऱ्या दिवशी गावात एकच वाक्य फिरत होतं: संघ विकत आणला, तरी हरला. हरल्याचं त्याला फार वाटलं नव्हतं, पण 'विकत' हा शब्द त्याला लागला होता. रात्री टपरीवर चहा घेताना तो मला म्हणाला, "तू एवढं जुनं-जुनं वाचत बसतोस भाऊ. मला एक सांग, पैसे घेऊन खेळणाऱ्याला लोक पहिल्यापासून असंच हलकं समजायचे का?"

तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरं उत्तर लांब आहे. ते एका टपरीवर आणि एका चहात मावणारं नाही, म्हणून इथे लिहितोय.

*

सुरुवात आपल्याकडून नाही, अमेरिकेतून करावी लागेल. कारण जो माणूस स्वतः खेळतो, संघ निवडतो, पैशांचा हिशेब ठेवतो आणि वर कप्तानही असतो, अशा माणसाचं पहिलं ठळक उदाहरण तिथल्या बेसबॉलमध्ये सापडतं. गंमत म्हणजे तो माणूस मुळात क्रिकेटवाला होता.

हॅरी राइटचा जन्म १८३५ चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. वडील पगारी क्रिकेटपटू. कुटुंब न्यूयॉर्कला गेलं आणि वडील तिथल्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात नोकरीला लागले. हॅरीही आधी क्रिकेटच खेळला, मग बेसबॉलकडे वळला. १८६९ मध्ये सिनसिनाटी शहराच्या रेड स्टॉकिंग्ज या क्लबने ठरवलं की चोरून नाही, उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार द्यायचा. त्याआधीही खेळाडूंना पैसे मिळत, पण टेबलाखालून. कुठेतरी नावापुरती नोकरी दाखवायची आणि पगार खेळाचा घ्यायचा. राइटने ते झाकण उघडलं. संघाचा वर्षाचा पगार मिळून ९,३०० डॉलर. त्यात हॅरीचे १,२०० आणि त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज याचे १,४००. संघ चालवणाऱ्यापेक्षा खेळणाऱ्या धाकट्याला जास्त, कारण खेळ त्याचा जास्त चांगला होता.

त्या वर्षी हा संघ संघटनेच्या एकाही सामन्यात हरला नाही. लोक टीका करत होते की पैशाने खेळ नासेल. पण राइटने आपल्या माणसांना सरावाला लावलं, वेळेवर उठायला लावलं, मैदानात एकमेकांना हाका मारून झेल घ्यायला शिकवलं. पगार दिला म्हणून तो शिस्त मागू शकला. पुढे तो बोस्टनला गेला आणि तिथेही त्याने १८७२ ते १८७५ अशी सलग चार अजिंक्यपदं मिळवली.

राइटचं हे उदाहरण मनात ठेवा. आपल्याकडे जे घडलं ते जवळपास असंच होतं, पण एक मोठा फरक होता. तिथे पैसे क्लबचे होते आणि आपल्याकडे राजाचे.

*

आपल्याकडच्या पहिल्या पगारी खेळाडूचं नाव घ्यायचं तर पालवणकर बाळूंचं घ्यावं लागतं. चर्मकार समाजातल्या या मुलाने पुण्यात आधी पारशी क्लबच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर काम केलं, मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. रोलर फिरवायचा, खेळपट्टी झाडायची, जाळी लावायची आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. तासन् तास टाकलेल्या त्या चेंडूंतून देशातला सगळ्यात चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले.

मैदानात हिंदू संघाला बाळूंचा चेंडू चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये भावांनी निषेध केल्यावर उपकर्णधारपदापर्यंत गोष्ट आली, आणि १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

बाळूंचा उल्लेख इथे मुद्दाम केला. आपल्याकडे 'पगारी' या शब्दाला जो वास आहे, तो नुसता पैशाचा नाही. पैसे घेणारा हा खालचा आणि फुकट खेळणारा हा वरचा, ही उतरंड जातीतून आणि साहेबाच्या देशातून अशी दोन्हीकडून आलेली आहे. इंग्लंडमध्ये फुकट खेळणाऱ्यांना 'जंटलमेन' म्हणत आणि पगारी खेळाडूंना नुसतं 'प्लेअर्स'. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत यायची फाटकंही वेगळी. पगारी माणूस कितीही चांगला असला तरी कप्तान मात्र जंटलमन. इंग्लंडने नियमित कर्णधार म्हणून पगारी खेळाडू, लेन हटन, नेमला तो १९५२ मध्ये, आणि तोही भारताविरुद्धच्या मालिकेत.

आता हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळला १९३२ मध्ये, म्हणजे हटनच्या वीस वर्षं आधी. त्या सामन्यातला आपला कर्णधार क्रिकेटच्या जोरावर मिळालेल्या पगारावर जगत होता.

*

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घरची भाषा तेलुगू, वडील वकील, शिक्षण हिस्लॉपमध्ये. त्यांच्या तरुणपणी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि आमचा बुलढाणा जिल्हा त्याच प्रांतात. म्हणजे नकाशावर पाहिलं तर नायडू आमच्याच प्रांताचे.

१९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत ते हिंदूंकडून युरोपियनांविरुद्ध पहिल्यांदा उतरले. सात गडी बाद झालेले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि पुढचा षटकार मारला. प्रथम श्रेणीतल्या त्यांच्या पहिल्या धावा म्हणजे तो षटकार.

१९२३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत कॅप्टन केलं. पुढे नायडू कर्नल झाले. लोक आयुष्यभर त्यांना 'कर्नल सी. के.' म्हणत राहिले आणि त्यांचं उंच, ताठ शरीर पाहून हे कुठल्यातरी लढाईतून आलेत असंच वाटे. खरं तर तो हुद्दा त्यांना बॅटने मिळवून दिला होता.

हॅरी राइटने जे झाकण उघडलं होतं, ते आपल्याकडे असं पुन्हा लावलं गेलं. क्रिकेटपटू म्हणून पगार देणं महाराजांना शोभणारं नव्हतं आणि नायडूंच्या घराण्याला घेणं शोभणारं नव्हतं. फौजेचा हुद्दा दिला की दोघांचीही अब्रू राहते. बाळूंना चार रुपयांसाठी रोलर ओढावा लागला, नायडूंना गणवेश मिळाला. दोघांनाही मिळत होतं ते चेंडूफळीच्या कौशल्याबद्दलच. पण एकाला नोकर म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला कर्नल. हा फरक खेळातला नव्हता. नायडूंच्या मोठेपणाबद्दल बोलताना ही गोष्ट विसरलो तर आपण अर्धाच इतिहास सांगू.

*

१ डिसेंबर १९२६. मुंबईचं जिमखाना मैदान. आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आला होता आणि हिंदूंविरुद्ध त्याने पहिल्या डावात ३६३ धावा केल्या होत्या. त्यात गाय अर्ल नावाच्या धिप्पाड फलंदाजाच्या १३० होत्या, आठ षटकारांसह. गोऱ्याने असं झोडपावं आणि आपण बघत बसावं, हे तोवरचं ठरलेलं चित्र.

दुसऱ्या दिवशी नायडू आले. दोन तासांच्या आत १५३ धावा, ११ षटकार. एका डावात इतके षटकार तोवर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कुणीच मारले नव्हते. बातमी पसरत गेली तशी माणसं कामं सोडून मैदानाकडे आली, झाडांवर चढली, आसपासच्या छपरांवर उभी राहिली. सामना अनिर्णित राहिला, पण एमसीसीच्या पाहुण्यांनी नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. आणि गेली पन्नासेक वर्षं 'आपण अजून तयार नाही' असं जे आपल्याला सांगितलं जात होतं, ते त्या दुपारनंतर सांगणं अवघड झालं. पुढच्या दोन वर्षांत भारतीय क्रिकेट मंडळ उभं राहिलं आणि सहा वर्षांत आपण लॉर्ड्सवर होतो.

१९३२ च्या त्या दौऱ्यावर कर्णधार म्हणून पाठवले होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. कप्तान राजघराण्यातलाच हवा, हे गृहीतच होतं. पण पोरबंदरच्या महाराजांना स्वतःच्या खेळाची मर्यादा माहीत होती आणि लिंबडी जखमी झाले. लॉर्ड्सच्या कसोटीसाठी नायडूंचं नाव पुढे आलं.

इतिहासात अशी आठवण सांगितली जाते की सामन्याच्या आदल्या रात्री काही खेळाडूंनी महाराजांना झोपेतून उठवलं आणि आम्ही नायडूंच्या हाताखाली खेळणार नाही असं सांगितलं. नायडूंची कडक शिस्त आणि तुटक वागणं हे एक कारण. दुसरंही कारण असावं असं मला वाटतं. राजाचा हुकूम ऐकायची आपल्याला सवय असते, आपल्यातल्याच एकाचा ऐकायचा म्हटलं की जड जातं. महाराज ठाम राहिले. २५ जून १९३२ ला नाणेफेकीला नायडू गेले.

त्या सकाळी महंमद निसार आणि अमरसिंग यांनी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ केली. सामना आपण १५८ धावांनी हरलो. पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक धावा होत्या ४०, हाताला इजा झालेली असताना नायडूंनी केलेल्या. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीत सोळाशेवर धावा केल्या आणि पुढच्या वर्षी 'विस्डेन'ने वर्षातल्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांना घेतलं.

१९३३-३४ मध्ये जार्डिनचा संघ भारतात आला तेव्हाही नायडूच कर्णधार होते. पण १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद गेलं विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे. खेळ बेताचा, पैसा आणि ओळखी भरपूर. चाळीस वर्षांचे नायडू त्यांच्या हाताखाली खेळले. ओव्हलवरच्या शेवटच्या कसोटीत, शेवटच्या डावात त्यांनी ८१ धावा केल्या. ती त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी आणि शेवटचीही. एकूण ७ कसोटी, ३५० धावा. आकडे पाहून आजचा कुणी मुलगा म्हणेल, यात काय एवढं?

म्हणूनच मला वाटतं की नायडूंचं खरं काम लॉर्ड्सवर नाही, इंदूरला शोधायला हवं.

*

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. इंदूरकडची मंडळी आधी सेंट्रल इंडिया या नावाने खेळत. १९४१-४२ पासून 'होळकर' हा स्वतंत्र संघ झाला. तुकोजीरावांनंतर गादीवर आलेल्या यशवंतराव होळकरांचा आश्रय आणि कर्नल नायडूंचं नेतृत्व. नायडू तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. या वयात आपल्याकडे लोक गुडघेदुखीवर बोलतात.

हा संघ १४ मोसम खेळला. त्यात १० वेळा अंतिम फेरीत गेला आणि ४ वेळा जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. मुंबई, मद्रास, कलकत्ता यांच्या तुलनेत इंदूर म्हणजे आडगावच. तिथून असा संघ कसा उभा राहिला?

माणसं जमवून. मुश्ताक अली इंदूरचाच, त्याला नायडूंनी पोरवयातच हेरलं होतं. पुढे १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक झळकावणारा तो पहिला भारतीय झाला. चंदू सरवटे सागरचे. १९४६ च्या दौऱ्यात ओव्हलवर सरे संघाविरुद्ध शेवटच्या जोडीसाठी त्यांनी शुटे बॅनर्जींबरोबर २४९ धावांची भागीदारी केली, दोघांचीही शतकं. हिरालाल गायकवाड नागपूरचे. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, तेच १९४८-४९ मध्ये महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ करणारे. माधवसिंह जगदाळे, भांडारकर, आणि कर्नलचे धाकटे बंधू सी. एस. नायडू.

यातल्या कित्येकांना संस्थानच्या फौजेत हुद्दे होते. कर्नल नायडू, कॅप्टन मुश्ताक अली, मेजर जगदाळे. धावफलक वाचतोय की पलटणीची हजेरी, असं वाटावं. आमचा कॅप्टन जालन्याला फोन करतो तेव्हा तो नेमकं हेच करत असतो. फक्त त्याच्याकडे द्यायला हुद्दा नसतो, पेट्रोलचा खर्च आणि वर थोडे पैसे असतात.

पण माणसं जमवून संघ होत नाही, हे नायडूंना राइटसारखंच माहीत होतं. त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. सराव चुकवायचा नाही. चेंडू अंगावर बसला तरी चोळायचा नाही, समोरच्याला कळता कामा नये. आणि जे सांगायचं ते आधी स्वतः करायचं. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला, दात पडले. वय ५६. त्यांनी ते बाजूला केले आणि फलंदाजी चालू ठेवली. असा कप्तान समोर असताना कोण म्हणणार, आज बरं वाटत नाही?

मार्च १९४६ मध्ये इंदूरला म्हैसूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. सहा जणांची शतकं: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, आर. पी. सिंग १००. एका डावात सहा शतकं हा जागतिक विक्रम होता. मग बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नाशी ओलांडलेल्या कर्नलनी २०० धावा केल्या. ती त्यांच्या पूर्ण कारकिर्दीतली सर्वोच्च धावसंख्या. होळकर ५६ धावांनी जिंकले.

*

त्याआधीच्या वर्षीचा, १९४४-४५ चा अंतिम सामना मला या सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यात पैशाची गोष्ट आहे.

ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्ध होळकर. मुंबईच्या ४६२ आणि ७६४ धावा, त्यात विजय मर्चंटच्या २७८. सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात इतके चेंडू कुणीच टाकलेले नाहीत. त्यांना मिळाले ११ बळी आणि मोजावे लागले ४२८ रन. होळकरांपुढे जिंकायला ८६७ धावांचं आव्हान होतं.

होळकरांकडे त्या वर्षी एक पाहुणा होता, डेनिस कॉम्प्टन. इंग्लंडचा लाडका फलंदाज, युद्धामुळे महूच्या लष्करी छावणीत नेमणूक झालेला. महू इंदूरच्या शेजारी, म्हणून तो नायडूंच्या हाताखाली खेळला. म्हणजे इंग्लंडचा पगारी क्रिकेटपटू एका भारतीय कप्तानाच्या हाताखाली, १९४५ मध्ये.

कॉम्प्टनबद्दल अशी गोष्ट सांगतात की एका धनिक शेटजीने त्याला बोली लावली: शंभरच्या पुढच्या प्रत्येक धावेला रोख इतके रुपये. कॉम्प्टन खेळत राहिला. समोरचे गडी बाद होत गेले, तो नाबाद २४९. संघ ४९२ वर संपला, होळकर ३७४ धावांनी हरले. कॉम्प्टन हिशेब करत आत आला, तर शेटजींची चिठ्ठी ठेवलेली: तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागतंय.

ही गोष्ट मी आमच्या कॅप्टनला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा हसला. कारण असे शेटजी आमच्याकडेही आहेत. बक्षीस समारंभात माइकवर पाच हजार जाहीर करतात आणि मग वर्षभर फोन उचलत नाहीत.

पण हसून झाल्यावर तो जे म्हणाला, ते खरं मुद्द्याचं होतं. "म्हणजे सगळं देणाऱ्याच्या हातात."

*

हो. आणि तीच या गोष्टीची दुखरी बाजू.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. फौज गेली, खजिना गेला, हुद्दे नावापुढे उरले. होळकर संघ त्यानंतरही काही वर्षं टिकला, जिंकलाही. दोन अजिंक्यपदं विलीनीकरणानंतरची आहेत. राजा गेल्यावरही जी घडी चालू राहिली, ती कर्नलनी बसवलेली होती. पण १९५४-५५ चा अंतिम सामना मद्रासविरुद्ध हरल्यावर 'होळकर' हे नावच स्पर्धेतून गेलं. पुढे मध्य भारत आला, मग मध्य प्रदेश.

आणि कर्नल? १९५३-५४ मध्ये आंध्रचा संघ रणजीत पहिल्यांदा उतरला तेव्हा ते त्याचे कर्णधार होते, वय ५८. मग उत्तर प्रदेश. १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी राजस्थानविरुद्ध ८४ धावा केल्या आणि विनू मांकडना दोन षटकार मारले. जिथे नवा संघ उभा करायचा तिथे बोलावलं की जायचं, माणसं बघायची, सरावाला लावायची आणि स्वतः खेळायचं.

याला कुणी हौस म्हणेल. मला ते कारागिराचं वागणं वाटतं. चांगला गवंडी एका वाड्याचं काम संपलं की पुढच्या गावी जातो, तसं. राजाचा माणूस म्हणून सुरू झालेला हा कप्तान शेवटी कुणाचाच माणूस राहिला नव्हता. तो त्याच्या कामाचा होता.

१९४१ मध्ये नायडूंचा फोटो एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत आला. मालाची जाहिरात करणारा पहिला भारतीय क्रिकेटपटू म्हणून आज ते सांगितलं जातं. मला त्यात आणखी काही दिसतं. राजाशिवाय दुसरीकडूनही खेळाच्या जोरावर पैसे मिळू शकतात, याची ती पहिली खूण होती. तोंड लपवून नाही, आपला चेहरा छापून.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरला त्यांचं निधन झालं. आज तरुण खेळाडूंच्या एका राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचं नाव आहे आणि क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो.

*

१ जानेवारी २०१८ ला आमच्या विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं, रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक ठोकलं, कप्तान फैझ फझल. तो सामना झाला इंदूरला, होळकर स्टेडियमवर. नागपूरहून गेलेल्या माणसाने जिथे चार करंडक आणले, तिथेच त्याच्या जन्मगावच्या संघाला पहिला मिळाला.

त्या संघातही बाहेरून आलेली माणसं होती. मुंबईचा वसीम जाफर होता आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. तेव्हा कुणी 'संघ विकत आणला' म्हणाल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. मीही मोबाइलवर स्कोअर बघत बसलो होतो आणि शेवटी मलाही ओरडावंसं वाटलं. पुढे पंडितांनीच २०२२ मध्ये मध्य प्रदेशला पहिला करंडक मिळवून दिला, म्हणजे होळकरांच्या वारसदारांना.

आता ही कामं वाटली गेली आहेत. कप्तान वेगळा, प्रशिक्षक वेगळा, निवड समिती वेगळी, पैसे मंडळाचे. एकाच माणसाने सगळं करायचं, हे मोठ्या क्रिकेटमध्ये उरलेलं नाही. ते उरलंय आमच्यासारख्या गावांत.

*

तर कॅप्टनच्या प्रश्नाचं उत्तर.

पैसे घेऊन खेळणाऱ्याला लोक पहिल्यापासून हलकं समजायचे का? हो, समजायचे. पण सगळ्यांना सारखं नाही. बाळूंना समजायचे, नायडूंना नाही. शेफील्डच्या क्रिकेटपटूच्या पोराला समजायचे, लॉर्डच्या पोराला नाही. म्हणजे पैशात खोट नव्हती, तो कुणाच्या हातात पडतो यावर लोकांची नजर ठरायची. तू ज्या दोन पोरांना जालन्याहून आणलंस, त्यातला एक पेंटिंगची कामं करतो आणि मॅचच्या दिवशी त्याची मजुरी बुडते. त्याला दिलेले पैसे हे बक्षीस नाहीत आणि लाचही नाही. तो त्याचा दिवस आहे.

पण दुसरी बाजूही आहे. नायडूंनी माणसं आणली आणि माणसं घडवलीही. मुश्ताक अली विकत मिळाला नव्हता, तो इंदूरच्या गल्लीत सापडला होता. आपण दोन आणले, ठीक. पण गावातली जी सोळा-सतरा वर्षांची पोरं सीमारेषेबाहेर बसून पाण्याच्या बाटल्या देत होती, त्यांना वर्षभर सरावाला कोण लावणार?

आमच्या गावाच्या नावातच राजा आहे. सिंदखेडच्या जाधव घराण्याचं हे गाव. जहागिरी कधीच गेली. बालाजीची यात्रा मात्र दर अश्विनात भरते आणि लाठ्यांचा मंडप उभारायला अजून लोक जमतात. ते कुणी पगार देतं म्हणून नाही आणि कुणी राजा सांगतो म्हणूनही नाही. आधीच्या माणसाने पुढच्याला लाठी कशी धरायची ते दाखवलेलं असतं, म्हणून.

हे सगळं मी कॅप्टनला टपरीवर पुन्हा एकदा सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "ते दोघं यंदा पण येणार आहेत. पैसे थोडे वाढवून मागतायत."

मी म्हटलं, "मग?"

"देऊ. पण मॅचच्या आधी दोन रविवार लवकर यायचं, आपल्या पोरांना नेटमध्ये बॉल टाकायचे. असं सांगितलंय."

मी विचारलं, ते तयार झाले का. तो म्हणाला, एक झालाय. दुसरा उद्या फोन करतो म्हणालाय.